ताज्या टॅटूवर पट्टी: कोणती आणि किती दिवस?



नवी मुंबईच्या उलवे, वहाळ, गव्हाण या भागातल्या जुन्या आगरी-कोळी घरांत हातावर हिरवं गोंदण असलेल्या आज्या आजही भेटतात. त्यांच्या नातवंडांच्या दंडावर आता राजमुद्रा असते, एकवीरा आई असते, नाहीतर स्वतःच्याच आईचं नाव. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून मला ही मुलं हमखास विचारतात, ‘डॉक्टर, यावर पट्टी लावू का?’

लावा, पण कोणती ते आधी पाहू. टॅटूची सुई कातडीत साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते आणि शाई वरच्या थराखाली सोडते. वरचा थर हजारो ठिकाणी टोचला गेलेला असतो. म्हणजे ती जखमच, उथळ आणि पसरट. मेडिकलमध्ये सुटी मिळणारी छोटी चिकटपट्टी बोट कापलं तर ठीक आहे. टॅटूवर मात्र तिची मधली गादी ओल शोषून वाळते, खपलीला धरून बसते आणि काढताना खपली ओढून काढते. तिथली शाईही मग फिकी पडू शकते. शिवाय मोठ्या टॅटूवर तिचा गोंद थेट जखमेवरच येतो. ती नकोच.

टॅटूवाले ज्याला ‘सेकंड स्किन’ म्हणतात, ती पातळ पारदर्शक पट्टी वेगळी. रुग्णालयात सलाईनची सुई हलू नये म्हणून वर चिकटवतात, त्याच जातीची. ती वाफ आणि हवा जाऊ देते. पाणी आणि जंतू अडवते. तिचा गोंद ओल्या जखमेला धरत नाही, भोवतीच्या कोरड्या कातडीला धरतो. म्हणून ती टॅटूच्या चारी बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर जास्त हवी आणि खाली तेल, हळद, मलम काहीही नको. जखम ओलसर राहिली तर लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या उथळ जखमांवर दाखवून दिलं. तोवर जखम उघडी ठेवून वाळवावी, असाच समज होता.

पहिल्या दिवशी पट्टीखाली काळपट पाणी साचतं आणि घरचे घाबरतात, की टॅटू वाहून गेला! तसं नाही. त्यात जखमेचा स्राव असतो, थोडं रक्त आणि वर उरलेली शाई. खोलवरची शाई पेशींनी धरून ठेवलेली असते. सुईने भोक पाडून ते पाणी काढू नका, जंतूंना वाट मिळते. साधारण चोवीस तासांनी ती पट्टी काढा, साध्या साबणाने जागा हलकेच धुऊन कोरडी होऊ द्या आणि नवी लावा.

ही दुसरी पट्टी किती दिवस ठेवायची? पाकिटावर पाच-सहा दिवस लिहिलेलं असतं. पण मे महिन्यात खारकोपरहून लोकल पकडणारा माणूस नेरूळला उतरेपर्यंत घामाने भिजलेला असतो. ही पट्टी वाफ सोडते, घामाचं पाणी सोडत नाही. घाम साचला की कड सुटते, आणि बांधकामांची, डंपरांची धूळ आत जाते. तेव्हा दिवस मोजण्यापेक्षा रोज कड पाहा. ती एका जागी जरी सुटली, तरी पट्टी काढा. वरून दुसरी चिकटपट्टी लावून ती दाबू नका. पट्टीच्याच आकाराची लाल, खाजरी चौकट उठली, तर गोंदाची अॅलर्जी आहे; पुन्हा लावू नका. खपली धरल्यावरही नवी पट्टी नको.

काढताना कोमट पाण्याखाली कड सोडवा आणि पट्टी कातडीला समांतर ताणत न्या. वर खेचू नका. त्यानंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर, अगदी पातळ. मेडिकलवाल्याकडून खाजेची ट्यूब आणून लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं, आणि त्याने जखम भरणं लांबतं.

खाडीचं पाणी दोन-तीन आठवडे पूर्ण वर्ज्य, पट्टी असली तरी. विसर्जनाच्या दिवसांत हे मी कळकळीने सांगते. कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात. अमेरिकेत टॅटूनंतर पाच दिवसांनी समुद्रात पोहलेला, यकृताचा आजार असलेला एक ३१ वर्षांचा तरुण त्यांच्या संसर्गाने दगावला. ती नोंद २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात आली.

मधुमेह असेल किंवा जुने व्रण जाड होऊन फुगत असतील, तर टॅटूआधीच डॉक्टरांना भेटा. आणि तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, वास येणारा पिवळा-हिरवा पू दिसला, लाली पसरू लागली किंवा ताप आला, तर पट्टी काढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.