डंकर्कचं आकाश



मे १९४० च्या अखेरीस फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, डंकर्क बंदरात, लाखो ब्रिटिश आणि फ्रेंच सैनिक कोंडीत सापडले होते. जमिनीवरून जर्मन फौजांचा वेढा आवळत चालला होता आणि पाठीशी समुद्र होता. २६ मेच्या संध्याकाळी त्यांच्या सुटकेची मोहीम सुरू झाली. डोव्हरच्या किल्ल्याखालच्या भुयारांत बसून व्हाइस ॲडमिरल बर्ट्रम रॅमसे तिची सूत्रं हलवत होते.

डंकर्क म्हटलं की छोट्या होड्या आठवतात, आणि त्यांचं मोल मोठंच आहे. उथळ पुळणीवर छातीभर पाण्यात तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसांना त्यांनी मोठ्या जहाजांपर्यंत नेलं. तरी बहुसंख्य सैनिक चढले ते बंदराच्या पूर्वेकडच्या बांधावरून. दीड किलोमीटरच्या आसपास लांबीचा हा बांध लाटा अडवण्यासाठी उभारलेला. त्याला जहाज लावायचं हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. नौदलाचे कॅप्टन विल्यम टेनंट यांनी तो प्रयोग केला, तो साधला, आणि त्यावरच्या अरुंद लाकडी वाटेवरून रांगा सरकू लागल्या.

वरून मात्र जर्मनांची स्टुका विमानं बाँब टाकत होती. १ जून या एका दिवसात चार विनाशिका बुडाल्या. पुळणीवरचे सैनिक संतापून विचारत होते, आपलं विमानदल आहे कुठे?

विमानदल तिथेच होतं. स्पिटफायर आणि हरिकेन विमानं इंग्लंडमधून खाडी ओलांडून येत. जाण्यायेण्याचं इंधन वजा जाता डंकर्कवर घिरट्या घालायला मोजकाच वेळ उरे. प्रत्येक विमानात आठ मशीनगन होत्या, पण सगळा दारूगोळा सलग झाडला तर पंधराएक सेकंदांत संपायचा. एका तुकडीनं पाठ फिरवली आणि दुसरी यायची होती, की तेवढ्या फटीत जर्मन विमानं घुसत. बऱ्याचशा चकमकी ढगांच्या आणि जळत्या तेलटाक्यांच्या धुराच्या वर, काही तर किनाऱ्यापासून आत, बाँबफेकी विमानं पुळणीवर पोचण्याआधीच झडत. जे बाँब पडले ते सैनिकांनी पाहिले, जे वाटेतच अडले ते त्यांना कसे दिसणार?

या लढाईमागे एक कठोर निर्णयही होता. ब्रिटनच्या लढाऊ विमानांच्या फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी १६ मे रोजीच सरकारला लिहून कळवलं होतं, की आणखी लढाऊ विमानं फ्रान्सला पाठवली तर इंग्लंडच्या रक्षणाला काही उरणार नाही. डंकर्कसाठी त्यांनी विमानं दिली, पण राखीव बळ सांभाळून. त्या दहाएक दिवसांत शंभराच्या आसपास लढाऊ विमानं आणि अनेक तरुण वैमानिक खर्ची पडले.

या पुळणीवर आपल्या देशातली माणसंही होती. डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून निघालेल्या खेचरांच्या तुकड्यांमधले हिंदी जवान तिथे होते. त्यांतले बरेच जण सुखरूप इंग्लंडला पोचले. ज्यांना जिवापाड जपलं ती खेचरं मात्र त्यांना मागे सोडावी लागली.

४ जूनला मोहीम संपली. ३,३८,२२६ सैनिक वाचले होते, त्यांत एक लाखाहून अधिक फ्रेंच. ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी त्याच दिवशी संसदेत बजावलं, की माघारीनं युद्धं जिंकता येत नाहीत. पण या सुटकेतही एक विजय आहे आणि तो हवाई दलानं मिळवलेला आहे, असंही त्यांनी आवर्जून सांगितलं. परतलेले सैनिक वैमानिकांना रस्त्यात टोमणे मारत होते, त्याच सुमारास चर्चिल हे बोलले.

संकट टळलं की ते कुणी टाळलं, हे आपण विचारत नाही. डोळ्यांसमोर हात देणारा लक्षात राहतो, दूरवर संकट अडवणारा राहत नाही. डंकर्कची कथा मुलांना सांगाल तेव्हा होड्यांबद्दल जरूर सांगा. पण ढगांपलीकडे लढलेल्या त्या वैमानिकांचं ऋणही त्यांच्या कानावर घाला. ती सुटका दोघांनी मिळून साधलेली होती.