गोणपाटातला अभ्यास

पदवी म्हणजे व्याख्यान, वही आणि परीक्षा, हे समीकरण आता बदलतंय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पालाही श्रेयांक आहेत.

समजा, वाशिम जिल्ह्यातल्या रिसोडच्या एका विद्यार्थिनीनं अशा प्रकल्पासाठी घरच्या सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. आठवड्याभरानं मोजले. 70 किंवा जास्त उगवले, तर बियाणं पेरणीयोग्य! या नोंदींतून ती नमुना निवडणं, टक्केवारी काढणं आणि अहवाल लिहिणं शिकते.

मिळालेले श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. शिक्षण मध्येच थांबलं, तरी साधारण 7 वर्षांपर्यंत ते कामी येतात. विद्यार्थी मित्रांनो, आपलं खातं उघडलंय का, हे महाविद्यालयात आजच विचारा.