समाजभवन बांधण्यापूर्वी
(समाजाच्या कळवण येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



नियोजित समाजभवनासंबंधी मी चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. मंडपाच्या दाराशी त्या इमारतीचे रंगीत चित्र लावले आहे. येताना आपण ते पाहिलेच असेल. समोर निळ्या काचेची उंच भिंत, वर घुमट, आत वातानुकूलित मंगल कार्यालय आणि मागील अंगास दुसऱ्या मजल्यावर विद्यार्थ्यांसाठी बारा खोल्या. चित्र देखणे आहे, यात वाद नाही. परंतु हेच चित्र सुरतेच्या अथवा हैदराबादेच्या एखाद्या मंडपात लावले असते, तरी ते तितकेच शोभले असते. माझी हरकत नेमकी येथेच आहे. ही इमारत कळवणची आहे आणि आपली आहे, असे त्या चित्रात मला कोठेही आढळले नाही.

प्रथम जागेविषयी. कळवण सुमारे साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. हा आकडा शाळेतील भूगोलापुरता नसून इमारतीची प्रकृती पुष्कळशी त्यावर ठरते. मे महिन्याच्या २२-२३ तारखेस मध्यान्ही सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. डिसेंबरच्या अखेरीस तोच सूर्य भर दुपारी क्षितिजापासून अवघा ४६ अंश वर असतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवर दोन-अडीच फुटांचा छज्जा काढला, तर वैशाखातील दुपारचे ऊन खोलीत शिरत नाही आणि पौषातील ऊन मात्र हवे तितके आत येते. पश्चिमेच्या भिंतीला ही सोय नाही. तिसऱ्या प्रहरानंतरचे ऊन तिरपे आणि सरळ अंगावर येते. त्यापुढे छज्ज्याचे काही चालत नाही. आता चित्रातील काचेची भिंत कोणत्या दिशेस आहे? आपल्या भूखंडास रस्ता पश्चिमेस आहे, म्हणून दर्शनी भाग पश्चिमेस आणि काचही पश्चिमेस! प्रथम ऊन आत कोंडावयाचे, मग ते यंत्राने बाहेर काढावयाचे आणि त्या यंत्राचे वीजबिल समाजाच्या निधीतून भरावयाचे, असा हा व्यवहार आहे. दुकानदारीत आयुष्य घालविलेल्या मंडळींना तो कसा पटला, याचे मला नवल वाटते.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपला भूखंड काळ्या मातीचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वैशाखात तिला बोटे जातील एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यांना सांगावयास नको. तिच्यावर उथळ पाया घातला, की दोन-तीन वर्षांतच दारांच्या चौकटी तिरक्या होतात आणि भिंतींवर जिन्याच्या आकाराच्या भेगा उमटतात. यावर उपाय आहेत. पाया खालच्या मुरुमापर्यंत न्यावा. मुरूम फारच खोल असल्यास रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी पुढे आणलेल्या पद्धतीचे, तळाशी फुगीर असलेले खांब जमिनीत ओतावेत. त्यास खर्च येतो आणि तो खर्च डोळ्यांना दिसत नाही. त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटीही लावता येत नाही. म्हणूनच मी म्हणतो की, घुमटाचे पैसे पायात घालावेत.

आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते. तालुक्याच्या पूर्वेस, देवळ्याच्या अंगाला निघालो, की धाब्याची जुनी घरे दिसतात. जाड भिंती, वर मातीचे सपाट छप्पर, मधे चौक. तेच पश्चिमेस कनाशी-दळवटकडे वळलो, की भिंती कुडाच्या होतात आणि छपरे उतरती, कौलारू होतात. जेथे पाऊस कमी तेथे माती डोक्यावर घेतली. जेथे पाऊस कोसळतो तेथे त्याला वाट करून दिली. एकाच तालुक्यात जागेप्रमाणे छप्पर बदलते, आणि हे कोणा वास्तुविशारदाने शिकविलेले नाही.

तथापि जुने ते सारे चांगले, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. धाब्याच्या घराचा एक दोष भयंकर आहे, आणि तो महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिला. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेक आपल्याच घराखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर फुटा-दोन फुटांचा मातीचा थर. भिंत सुटली आणि छप्पर निजलेल्या माणसांवर आले. त्यानंतर तेथील लोकांना दगडाच्या भिंतीची दहशत बसली, यात त्यांचा दोष कसा म्हणावा?

पुढे झाले ते आपल्या प्रश्नास अधिक लागू आहे. शासनाने बावन्न गावे नव्या जागी वसविली. जागतिक बँकेचे साहाय्य मिळाले, अनेक संस्था धावून आल्या, घरे भूकंपात टिकतील अशी बांधली. हे काम मोठे होते, याविषयी दुमत नाही. परंतु गावांची आखणी शहराच्या नमुन्यावर, बुद्धिबळाच्या पटासारखी झाली. रुंद सरळ रस्ते, त्यांच्या कडेने एकसारख्या घरांच्या रांगा. घराचा आकार जमिनीच्या मालकीवरून ठरला. भूमिहीनास आणि अल्पभूधारकास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४००, मोठ्यास ७५०. कागदावर यात अन्याय काही दिसत नाही. पण जुन्या गावात भावकीची घरे एका बोळात होती. म्हातारी आई एका घरी, मुलगा शेजारच्या घरी, चुलता समोर. आणि मधल्या ओट्यावर बायकांचे निवडणे-टिपणे आणि पोरांचे खेळणे एकत्र चाले. नव्या आखणीत ठिकठिकाणी ही भावकी विखुरली. गाव पसरट झाले, ओळखीच्या हाकेच्या अंतरात कोणी राहिले नाही. घरांना ओटा नव्हता, गुरांना जागा नव्हती, चूल कोठे मांडावी याचा विचार नव्हता. पुढील वर्षांत लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पुढे पडवी काढली, मागे पत्र्याचे स्वयंपाकघर जोडले, कुंपण घातले. घर बांधून झाल्यावर राहणाऱ्याला ते पुन्हा बांधावे लागले. मी त्या पडव्यांना दोष देत नाही. मूळ नकाशात काय राहून गेले, हे त्या पडव्याच सांगतात.

याच्या उलट एक उदाहरण इजिप्त देशातील आहे. तेथील विख्यात वास्तुविशारद हसन फाथी यांनी १९४५ नंतर लक्सरजवळ नवे गुर्ना या नावाचे गाव बांधावयास घेतले. सिमेंट नाही, लोखंड नाही. नाईलच्या मातीच्या विटा, मातीच्याच कमानी आणि घुमट. उष्ण हवेत थंड राहणारी ती घरे आजही जगभरचे विद्यार्थी अभ्यासतात. जागेचा विचार यापेक्षा अधिक कोणी केला असेल, असे मला वाटत नाही. पण ज्यांच्यासाठी गाव होते, ते जुन्या गुर्ना गावचे बहुसंख्य रहिवासी तेथे राहावयास आलेच नाहीत. प्राचीन थडग्यांच्या डोंगरावर त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वास होता, पोटही बरेचसे त्या थडग्यांवरच चाले, आणि स्थलांतराचा निर्णय त्यांचा नव्हता. तेव्हा माती ओळखली म्हणजे माणूस ओळखला, असे होत नाही.

दोन्ही साधले असे ठिकाण आपल्याच राज्यात वर्ध्याजवळ आहे. गांधीजी १९३६ साली शेगावास राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. तेथील पहिल्या निवासासाठी त्यांची अट होती की, सामान आणि कारागीर जवळपासचेच असावेत आणि खर्च पाचशे रुपयांपलीकडे जाऊ नये. ज्या झोपडीस आज आपण बापूकुटी म्हणतो, ती मुळात मीराबेनची. मातीच्या भिंती, बांबू, कौले आणि भोवती पडवी. वर्ध्याच्या उन्हाळ्यात त्या पडवीत बसून देशाचे निर्णय झाले. आपण मातीचे समाजभवन बांधावे, असे मी सुचवीत नाही. गवंडी कोठून आणावयाचा आणि किती खर्च करावयाचा, हे तेथे नकाशाच्या आधी ठरले, एवढेच लक्षात घ्यावे.

आता आपल्या इमारतीकडे वळतो. ही वास्तू कोण आणि किती दिवस वापरणार, याचा हिशेब मांडून पाहा. लग्ने मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंतच्या तिथींना. चातुर्मासात कार्यालय ओस. वर्षाकाठी पन्नास-साठ दिवस भरले, तरी खजिनदार संतुष्ट होतील. वसतिगृह मात्र जूनपासून मार्च-एप्रिलपर्यंत रोज, रात्रंदिवस चालेल. आणि चित्रात पन्नास दिवसांच्या पाहुण्याला दर्शनी जागा मिळाली आहे, तर तीनशे दिवसांच्या रहिवाशाला मागचा जिना. १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि नंतर इतर जातिजमातींच्या वसतिगृहांनाही हात दिला. मंगल कार्यालयांनी समाज पुढे गेल्याचे मी अद्याप ऐकलेले नाही.

शिवाय त्या बारा खोल्या मुलांसाठी आहेत. आपल्या खेड्यापाड्यांतील घरांतून मुली बारावीपर्यंत कशाबशा येतात आणि तेथेच थांबतात. कळवणात राहण्याची सोय नाही आणि रोजच्या एस.टी.चा भरवसा नाही, ही कारणे या मंडपातील कित्येक पित्यांनी मजजवळ सांगितली आहेत. मुलींची सोय होणार नसेल, तर या इमारतीस समाजभवन म्हणावे किंवा कसे, याचा विचार व्हावा.

माझी सूचना अशी आहे. वसतिगृह भूखंडाच्या पूर्वभागी, रस्त्यापासून आत बांधावे. खोल्यांच्या लांब भिंती उत्तर-दक्षिण दिशांस तोंड करून असाव्यात. मधे चौक ठेवावा. एक पंख मुलांचा, एक मुलींचा. मुलींच्या पंखास स्वतंत्र दार, न्हाणीघरे त्याच मजल्यावर आणि कपडे वाळविण्यास आडोसा. रस्त्याच्या बाजूस मोठा दालनवजा मंडप असावा. वर उंच, उतरते छप्पर, पश्चिमेस जाड भिंत आणि झाडांची रांग, उरलेल्या तिन्ही बाजू उघड्या, आणि समोर रुंद ओटा. लग्न असेल तेव्हा लग्न, एरवी मुलांचा अभ्यास, महिलांचे वर्ग, दाखल्यांचे शिबिर. चैत्रात खानदेशाकडून सप्तशृंगी गडावर पायी जाणारे भाविक कळवणावरून नांदुरीकडे जातात. त्यांना त्या ओट्यावर दुपारची सावली आणि पाण्याचा माठ मिळाला, तर गावात समाजाचे नाव त्यानेच अधिक होईल. गावाकडे पाठ करून उभी राहणारी इमारत आपणास नको.

यावर दोन आक्षेप मला आधीच ऐकविण्यात आले आहेत. पहिला असा की, वातानुकूलन नसेल तर श्रीमंत पार्ट्या येणार नाहीत आणि वसतिगृहाचा खर्च भाड्यावर चालणार नाही. आक्षेप खरा आहे. म्हणून मंडपालगत एक मध्यम आकाराचे बंदिस्त दालन करावे आणि यंत्रे तेवढ्यापुरती बसवावीत. पाच हजार चौरस फूट थंड करण्यापेक्षा पंधराशे करणे परवडते. दुसरा आक्षेप गोंगाटाचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा आणि लग्नसराई एकाच वेळी येतात. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकास बंदी घालणारा नियम २००० सालापासून देशभर आहे, परंतु दहाच्या आधीचे तीन तास विद्यार्थ्याने काय करावे? चौकाचे अंतर आणि मधली भिंत यांनी काही भागेल, सारे भागणार नाही. परीक्षेच्या काळात संध्याकाळची वाजंत्री येथे नाही, असा नियम समाजालाच करावा लागेल, आणि अध्यक्षांच्या घरच्या कार्यासही तो लागू असावा लागेल. (हशा)

शेवटी कार्यक्रमाविषयी. नकाशा मंजूर करण्याची घाई या वैशाखात करू नये. पहिले दोन मोठे पाऊस होऊ द्यावेत. त्या वेळी दोघातिघांनी भूखंडावर जाऊन पाणी कोठून येते, कोठे साचते, ते पाहून खुंट्या माराव्यात. त्याच सुमारास मुरूम किती खाली लागतो, हे पाहण्यासाठी तीन-चार ठिकाणी खड्डे घ्यावेत. सध्या कळवणात भाड्याच्या खोल्यांत राहून शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना एका रविवारी बोलवावे आणि त्यांची दिनचर्या तासातासाने लिहून घ्यावी. वास्तुविशारदास हे कागद द्यावेत, रंगीत चित्र नव्हे. मुलींच्या वसतिगृहांत अधीक्षिका म्हणून काम केलेल्या दोन भगिनी या मंडपातच बसल्या आहेत. बांधकाम समितीच्या पुढील बैठकीचे निमंत्रण त्यांना आजच द्यावे, आणि त्यांना येणे सोयीचे पडेल अशाच वेळी ती बैठक ठेवावी.