अचूक, पण कशाच्या तुलनेत?



अध्यक्षाने आपल्या शास्त्राच्या वर्षभराच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आढावा स्मरणिकेत छापलेला आहे, जिज्ञासूंनी तिथे वाचावा. मला आज एकच तक्रार मांडायची आहे. रक्तातून कृमिसंसर्ग ओळखणाऱ्या किटच्या खोक्यावर अचूकतेची टक्केवारी छापलेली असते आणि आपण ती किटचा अंगभूत गुण समजून चालतो. प्रत्यक्षात तो आकडा म्हणजे दुसऱ्या एखाद्या चाचणीशी केलेल्या तुलनेचा निकाल असतो. गोलकृमींच्या बाबतीत ती दुसरी चाचणीच लंगडी आहे.

आपल्या विदर्भातला हत्तीरोग घ्या. 1872 मध्ये टिमोथी लुईस यांनी कलकत्त्यात माणसाच्या रक्तात या रोगाच्या कृमीच्या सूक्ष्म अळ्या पाहिल्या. पुढे रात्रीची रक्तकाच हाच अंतिम पुरावा मानला जाऊ लागला. अळ्या रात्रीच मोठ्या संख्येने वरच्या रक्तप्रवाहात येतात, म्हणून आपली रात्रचिकित्सालये चालतात. पण त्या काचेवर घेतलेले 20 घन मिलिमीटर रक्त म्हणजे शरीरातल्या पाच लिटरचा अडीच लाखावा भाग. दर मिलिलीटरला 20 अळ्या असल्या, तरी काचेवर सरासरीने अर्धीही अळी येत नाही. अशा तीन माणसांतल्या दोघांची काच कोरी निघणार, हे साधे संभाव्यतेचे गणित आहे. शिवाय लसिकावाहिन्यांत नुसते नर किंवा नुसत्या माद्या असतील, तर अळ्या जन्मतच नाहीत. आता समजा, हजार लोकांपैकी चाळिसांच्या अंगात जिवंत प्रौढ कृमी आहेत आणि काचेने त्यांतले वीसच पकडले. प्रौढ कृमीचे प्रतिजन शोधणाऱ्या निर्दोष चाचणीने चाळीसही दाखवले, तर तुलनेच्या तक्त्यात त्यांतले वीस 'खोटे पॉझिटिव्ह' ठरतात. चूक काचेची आणि शिक्षा नव्या चाचणीला!

काचेचे समर्थक म्हणतात, काचेवर प्रत्यक्ष जीव दिसतो, बाकीच्या चाचण्या केवळ त्याची सावली दाखवतात. अळी दिसली तर वाद संपला, हे मला मान्य आहे. पण दिसली नाही, तर काच काहीच सांगत नाही. आपण मात्र त्या मौनावर 'निगेटिव्ह' म्हणून सही करतो.

तुलनेचे दुसरे टोकही तितकेच वाकडे आहे. 'नक्की रोगी' म्हणून हत्तीपायाच्या रुग्णांचे रक्त वापरले की किट उगाच नापास होते. वर्षानुवर्षे सुजलेल्या पायामागचा कृमी बहुतेकदा केव्हाच मेलेला असतो. उरते ती लसिकावाहिन्यांची हानी आणि वरचेवर होणारा जिवाणूसंसर्ग. उलट 'नक्की निरोगी' म्हणून कृमींशी कधी गाठ न पडलेल्या थंड देशातल्या रक्तदात्यांचे रक्त घेतले, की प्रतिपिंड चाचणी उगाच देखणी दिसते. तीच चाचणी गडचिरोलीत आणा. तिथे डासांमार्फत वारंवार संपर्क आलेला, पण संसर्ग न टिकलेला माणूस भेटतो, अंकुशकृमीचा आणि जंतांचा रुग्णही भेटतो. विशिष्टतेचा तो आकडा तिथे टिकत नाही. स्ट्राँगिलॉइडिस या गोलकृमीच्या प्रतिपिंड चाचणीतही हत्तीरोगाच्या कृमींशी अशीच गल्लत होते.

आक्षेप असा येईल, की डॉक्टरांना 'आहे' किंवा 'नाही' एवढेच हवे असते. पण काय आहे किंवा नाही? उपचारांनंतर रक्तातल्या अळ्या जातात, तरी प्रतिजन दीर्घकाळ राहू शकते. म्हणून त्या माणसाकडून डासाला संसर्ग होईल का, याचे उत्तर काच देते. त्याच्या अंगात प्रौढ कृमी आहे का, याचे प्रतिजन देते. त्याचा कृमीशी कधी संपर्क आला होता का, याचे प्रतिपिंड देते. चुकीची किंमतही प्रश्नागणिक बदलते. स्टेरॉइड सुरू करायच्या रुग्णात स्ट्राँगिलॉइडिस हुकला, तर तो जिवावर बेतू शकतो. संशयावर दिलेल्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या त्या मानाने फार स्वस्त. तिथे मी थोडे खोटे पॉझिटिव्ह खुशाल पत्करीन. हत्तीरोग निर्मूलनाच्या सर्वेक्षणात मात्र हिशेब उलटा. सहा-सात वर्षांच्या हजार मुलांत खरी बाधित पाचच असतील आणि विशिष्टता 99 टक्के असेल, तर सुमारे दहा मुले विनाकारण पॉझिटिव्ह येतात. म्हणजे दर तीन पॉझिटिव्हमागे दोन खोटे. रोग जितका मागे हटतो, तितकी चाचणी खोटी बोलू लागते. सामुदायिक औषधोपचार थांबवायचा की नाही, हा निर्णय मात्र याच आकड्यांवर व्हायचा आहे आणि देशाने उद्दिष्ट 2027 चे ठेवले आहे.

'परिपूर्ण मापदंड नसेल, तर मोजायचे कसे?' असे संख्याशास्त्राचे मित्र विचारतील. तीन अपूर्ण चाचण्या एकत्र ठेवून प्रत्येकीची चूक अंदाजण्याच्या पद्धती त्यांनीच दिल्या आहेत; आपण त्या वापरत नाही, एवढेच. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हत्तीरोगाच्या रक्तचाचण्यांवर अनेक दशके काम झाले आहे. त्याच्या आधारे विदर्भातल्या रक्तनमुन्यांचा सामाईक संग्रह उभारावा, असे मला वाटते. तपशील कार्यकारिणी ठरवील.

तोवर एवढेच करा. विक्रेता अचूकतेचा आकडा पुढे करील, तेव्हा तो कुणाच्या रक्तावर आणि कोणत्या चाचणीशी ताडून काढला, हे विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत खरेदीच्या कागदावर सही करू नका.