विद्वानाच्या पश्चात कागदांचा वाली कोण?



आपल्या परंपरेने मनुष्याच्या माथी जी तीन ऋणे सांगितली, त्यांतील ऋषिऋण अध्ययनाने फेडायचे असते. विद्वानाचे छापायचे राहून गेलेले लेखन सांभाळणे, हाही त्या ऋणाचाच भाग आहे. समाज म्हणून आपल्याला त्याचे भान किती आहे?

श्रीनिवास रामानुजन २६ एप्रिल १९२० रोजी निवर्तले. मद्रास विद्यापीठाने त्यांचे कागद १९२३ साली केंब्रिजला प्रा. हार्डी यांच्याकडे पाठविले. अखेरच्या आजारपणात लिहिलेली त्यांची सुटी पाने पुढे प्रा. वॉटसन यांच्या घरी जाऊन पडली. १९६५ साली वॉटसन वारले, तेव्हा त्यांच्या अभ्यासिकेत कागदांचा फूटभर थर साचला होता आणि थोड्याच दिवसांत त्याची होळी व्हायची होती. वॉटसन यांच्यावर मृत्युलेख लिहिण्याच्या निमित्ताने तेथे गेलेल्या व्हिटेकर यांनी त्या ढिगात हात घातला, म्हणून ती पाने वाचली. ट्रिनिटी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पोहोचल्यावरही ती विस्मृतीतच होती. १९७६ साली जॉर्ज अँड्र्यूज यांनी ती ओळखली. त्यांतील गणिताचे विवरण करावयास २००५ ते २०१८ या काळात पाच खंड लागले! एवढे धन केवळ दैवयोगाने वाचले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात कालवश झाले. तरुणपणीच पत्नी गेली, पुन्हा संसार मांडला नाही. मागे राहिली ती दप्तरे, पोथ्या आणि टिपणे. धुळेकरांनी शोकसभेवर समाधान मानले नाही. १९२७च्या जानेवारीतच तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांच्या हस्तलिखितांवरून मंडळाने १९३७ साली मराठी धातुकोश प्रसिद्ध केला. कृ. पां. कुलकर्णी यांनी तो संपादिला. कर्त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी तो अभ्यासकांच्या हाती आला, याचे श्रेय त्या सांभाळणाऱ्यांना आहे.

दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट उमगते. कागदांचे भवितव्य बहुधा मृत्यूनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच ठरते. घर आवरायचे असते, जागा अपुरी असते, वारसांचा विषय निराळा असतो. छापील पुस्तकांना ग्राहक मिळतो. टिपणांच्या वाट्याला रद्दीचा तराजू येतो. यात वारसांचा दोष थोडा. त्यांच्या दारी वेळेवर कोणी जात नाही, हे खरे दुखणे आहे.

म्हणून विद्वानांनी हयातीतच आपल्या कागदांची यादी करावी आणि ते कोणाकडे जावेत, हे लिहून ठेवावे. वारसांनी जाणत्या माणसाला दाखविल्याखेरीज एकही गठ्ठा हलवू नये. टिपणे ज्या क्रमाने लावलेली असतील, तो क्रम मोडू नये, कारण पुष्कळदा विचाराचा धागा त्या क्रमातच असतो. संस्थांनी कागद स्वीकारून कपाटात कोंडू नयेत. त्यांची सूची करून ती अभ्यासकांस खुली करावी.

आपल्या गावातही एखादा व्रतस्थ अभ्यासक असेल. त्याच्या सत्काराला आपण जातोच. त्याच्या पश्चात त्याच्या घरी रद्दीवाल्याच्या आधी पोहोचण्याचा संकल्प आज करू या.