वाहनचालकाचे आजार आणि आपले कर्तव्य



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो पुष्कळ घरांत दबक्या आवाजात बोलला जातो. वडिलांना मधूनमधून भोवळ येते, आईला अंधारात नीट दिसत नाही, तरीही दोघे गाडी चालवतात. घरातल्या सर्वांना हे ठाऊक असते. परंतु सांगायचे कोणी, आणि कोणाला?

ब्रिटनच्या कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. स्वान्सी येथील परवाना कार्यालयास, म्हणजे डीव्हीएलएला, आपला आजार कळविण्याची जबाबदारी परवानाधारकाची स्वतःची आहे. अपस्मार, कारण न कळता येणारी मूर्च्छा, स्मृतिभ्रंश, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, दोन्ही डोळ्यांचा काचबिंदू हे अशा आजारांपैकी काही होत. पक्षाघातानंतर निदान एक महिना गाडी चालवू नये. पुढेही दोष उरल्यास तो कळवावा. माहिती दडविल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अपघात घडल्यास खटलाही.

दंडाहून मोठी गोष्ट निराळी आहे. २२ डिसेंबर २०१४ रोजी ग्लासगो शहरात कचरा वाहून नेणाऱ्या लॉरीच्या चालकाची शुद्ध हरपली. लॉरी पदपथावर चढली आणि सहा माणसे प्राणास मुकली. चालकास २०१० मध्येही बसच्या चाकामागे मूर्च्छा आली होती, आणि तिची खरी हकीकत त्याने डॉक्टरांपासून व डीव्हीएलएपासून लपविली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले.

कळविले की परवाना गेलाच, हा समज मात्र चुकीचा आहे. कार्यालय आपल्या संमतीने डॉक्टरांकडे विचारणा करते. पुष्कळांचा परवाना कायम राहतो. काहींना तो एक, दोन, तीन वा पाच वर्षांच्या मुदतीने मिळतो. अपस्माराचा रुग्णही सामान्यतः बारा महिने झटका आला नाही, तर पुन्हा गाडी चालवू शकतो.

वयाच्या ७० व्या वर्षी, आणि मग दर तीन वर्षांनी, परवान्याचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी गाडी चालविण्याची परीक्षा नसते. प्रकृतीविषयी आपण जे लिहून देतो, त्यावर विश्वास ठेवला जातो. म्हणून त्या अर्जावरची सही ही केवळ औपचारिकता नव्हे, ती साक्ष आहे.

तोराने घराच्या गच्चीला कठडा बांधण्याची आज्ञा दिली आहे, ती कोणी पडण्यापूर्वी. पडल्यानंतरचा पश्चात्ताप कठड्याचे काम करीत नाही. आपली गाडीही तशीच गच्ची आहे.

मुलांना माझी विनंती अशी की, वडिलांच्या हातून किल्ल्या हिसकावून घेऊ नका. त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा, अर्ज भरावयास शेजारी बसा. कोणी ऐकतच नसेल, तर डॉक्टर, किंवा आपणही, कार्यालयास कळवू शकता. आणि ज्यांनी गाडी सोडली, त्यांना मलिद्याला, लग्नकार्याला, दवाखान्यात नेण्याआणण्याची जबाबदारी आपण सर्वांनी वाटून घेऊ या. गाडी सोडली म्हणजे माणसांत येणेही सुटले, ही भीती जोवर आहे, तोवर वृद्ध माणूस खरे सांगणार नाही.

परमेश्वर आपणां सर्वांस दीर्घायुष्य देवो.