जागच्या जागी साक्ष



चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलू अशी त्यांची समजूत असावी. आज मात्र आम्ही काचपट्टीवरच्या एका साक्षीविषयी बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि इस्पितळांतील कामगारांच्या संगतीत झाले.

एप्स्टाईन-बार नावाचा एक विषाणू आहे. आफ्रिकेतील मुलांना होणाऱ्या एका अर्बुदाच्या पेशींत तो एप्स्टाईन, अचाँग आणि बार यांना १९६४ साली लंडन येथे दिसला. काही अर्बुदांशी त्याचे नाते आहे हे खरे. पण जगातील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक प्रौढांच्या अंगात तो निमूटपणे राहतो. मग गाठीचा तुकडा वाटून त्यात विषाणू सापडला, एवढ्यावरून दोष कसा ठरवावा? तो अर्बुदाच्या पेशीत होता की वाटेने जाणाऱ्या एखाद्या पांढऱ्या पेशीत, हे वाटणात कळत नाही. मोर्चातून एक दगड आला म्हणून साऱ्या मोर्चाला आरोपी करणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. आमचे म्हणणे असते, दगड कोणाच्या हातात होता ते दाखवा!

ते दाखविण्याची युक्ती १९६९ साली निघाली. येल विद्यापीठात जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी बेडकाच्या अंडपेशींवर ती करून दाखविली. तिला इन सिटू हायब्रिडायझेशन म्हणतात; आपण 'जागच्या जागी जोडी जमविणे' म्हणू. आर.एन.ए. हा चार अक्षरांचा लेख असतो आणि प्रत्येक अक्षराची जोडी ठरलेली असते. विषाणूच्या लेखाला जुळणारा उलटा लेख प्रयोगशाळेत तयार करायचा आणि त्याला खूण बांधायची. गाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवून मेणात बसवायचा, त्याचे केसाहून कितीतरी पातळ, चार-पाच मायक्रॉनचे काप काचेवर घ्यायचे. मेण काढून, पेशीची दारे किलकिली करून तो लेख वर सोडायचा. ज्याची जोडी जमली तो चिकटतो, बाकीचा धुतला जातो. मग रंग चढवायचा. पूर्वी ही खूण किरणोत्सर्गी असे आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. आता एकदोन दिवसांत काम होते. या विषाणूचे ईबर नावाचे छोटे आर.एन.ए. एकेका पेशीत लाखांच्या संख्येने असतात, म्हणून साक्ष ठळक मिळते.

आता आमच्या अनुभवाची गोष्ट. आमच्या एका सहकाऱ्याच्या मानेत गाठ आली. मूळ कोठे, ते सापडेना. तुकडा काढला, परीक्षा झाली, काच कोरी! आम्ही तंत्रज्ञ भगिनीला म्हणालो, "ताई, विषाणू नाही असे लिहून टाका ना, माणूस काळजीतून सुटेल."

ती म्हणाली, "दादा, प्रत्येक पेशीत असणारा आर.एन.ए. शोधायला दुसरी काच लावली होती. तीही कोरीच आहे. साक्षीदारच मेलाय. 'नाही' असं कसं लिहू?"

चौकशी केली. दोघांचे काम एकट्याने ओढणाऱ्या रात्रपाळीच्या माणसाकडून तो तुकडा फॉर्मालिनवाचून रात्रभर पडून राहिला होता. आर.एन.ए. फार नाजूक, तो तेवढ्यात नासला. रिकामी जागा भरा, हे मागणीपत्र आमच्याच कपाटात तीन महिने पडून होते. म्हणजे या दोषात आमचाही वाटा होता.

सहकाऱ्याच्या मानेवर पुन्हा सुरी चालली. या वेळी दोन्ही काचा बोलल्या. अर्बुदाच्या पेशींची केंद्रके काळी-निळी उमटली, शेजारच्या पेशी स्वच्छ राहिल्या. मानेतील अशा गाठीत ही खूण मिळाली की डॉक्टरांचे लक्ष नाकामागच्या घशाकडे वळते. मूळ तेथेच निघाले. किरणोपचार सुरू झाले. आज ते कामावर आहेत.

तक्रारपेटी रिकामी दिसली की 'खात्यात असंतोष नाही' असा अहवाल लिहिला जातो. आम्हीही तो लिहिला आहे. आता आधी विचारतो, पेटी उघडी होती काय? बोलणारा जिवंत होता काय? 'सापडले नाही' आणि 'नाही' यांतील हे अंतर आम्हांला त्या भगिनीने शिकविले. तिच्या हाताला फॉर्मालिनचा वास असतो आणि अहवालावर तिचे नाव नसते.